लाटेवर जायचंय, पण कधी? बंदीच्या दिवसांतल्या सहलीचा हिशेब



होड्या वर ओढल्या, इंजिनं उघडली, जाळी शिवायला पसरली की संस्थेच्या ओट्यावर एकच विषय निघतो. सहलीला कुठं जायचं? दिवाळीची सुट्टी म्हणजे आपल्याकडे मासळीचे दिवस. मे महिन्यात शेवटच्या फेऱ्यांची घाई. मोकळे काय ते बंदीचे दिवस, म्हणून सहल तेव्हाच ठरते. यंदा पोरांनी वेगळंच काढलं. मोबाईल पुढं केला. त्यात एक पोरगा फळीवर उभा राहून लाटेवरून घसरत येत होता. "काका, याला सर्फिंग म्हणतात. गोव्याला जुलैत हॉटेल निम्म्या भावात मिळतं. तिकडं जाऊन शिकूया."

आम्ही सरळ नाही म्हटलं. पोरं फुरंगटली. मग वाटलं, नुसतं नाही म्हणून भागायचं नाही, कारणही सांगायला हवं. चार दिवस माहिती काढली, दोन-तीन जुन्या तांडेलांशी बोललो. त्यातून जे कळलं ते इथं लिहितोय. पोरांचा हट्ट चुकीचा नव्हता, महिना आणि जागा चुकली होती.

आधी गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नाव सांगत नाही, घरच्यांनी तशी विनंती केली आहे. आमच्या एका सभासदाचा मुलगा, वय सतरा, पोहण्यात पट्टीचा. मुंबईहून आलेल्या मावसभावानं फोमची फळी आणली होती. दोघं ती घेऊन जवळच्याच किनाऱ्यावर गेले. अमावस्येनंतरचा दुसरा दिवस, ओहोटी नुकती लागलेली. लाट होती कमरेएवढी, बघून कोणी घाबरणार नाही अशी. त्या लाटेनं काही केलं नाही. पाण्यानं ओढून नेलं. पंधरा-वीस मिनिटांत पोरगा फळीसकट अर्धा किलोमीटर आत गेला. मावसभाऊ काठाशीच होता, तो ओरडत वस्तीकडे पळाला. नशीब असं की एक खलाशी होडीची डागडुजी करत बसला होता. त्यानं आणखी एकाला घेऊन छोटी होडी पाण्यात घातली आणि डोलीच्या खुंटांच्या पलीकडून त्याला उचलून आणलं. पोरानं फळी सोडली नाही म्हणून वाचला. बाप आमच्यासमोर एवढंच बोलला, "मी याला भरती-ओहोटी शिकवली, आणि हा लाट बघून गेला."

आपल्या सुरतेच्या पाण्याची सगळी गोम या वाक्यात आहे. आपण खंभातच्या आखाताच्या तोंडाशी बसलोय. हजिऱ्याला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीतला फरक सहा मीटरच्या पुढं जातो, आत भावनगरकडे तो दहा मीटरच्या आसपास पोचतो. मुंबईला हाच फरक पाच मीटरच्या आत असतो, गोव्याला तर दोन-अडीच मीटर. एवढं पाणी सहा तासांत आत घ्यायचं आणि सहा तासांत बाहेर टाकायचं, तर ते धावणारच. चार-पाच नॉटचा ओढा आपल्याला नवीन नाही. त्यात ओहोटीला पाणी कुठल्या कुठं जातं, खाली चिखल उघडा पडतो. सर्फिंगला लागते ती एका जागी पुन्हा पुन्हा फुटणारी लाट. आपल्याकडे फुटायची जागाच तासातासाला सरकते.

दुसरं कारण खोलीचं. सुरत-दमणच्या पुढं समुद्राचा उथळ पट्टा तीनशे किलोमीटरच्या पलीकडे पसरलाय. केरळात कोचीकडे तोच पट्टा साठेक किलोमीटरचा राहतो. लांबून आलेली लाट एवढा उथळ तळ घासत येते तेव्हा तिच्यातली ताकद वाटेतच जिरते. वर सौराष्ट्र आडवा आहे, तो वायव्येच्या लाटा अडवतो. म्हणून डुमस, सुवाळी, उभराटला पावसाळ्यात जे दिसतं ते खवळलेलं, गढूळ, वाऱ्यानं मोडलेलं पाणी. रीलमधल्यासारखी लाट ती नव्हे. डुमसला त्या दिवसांत पाण्यात उतरायला मनाईचे जाहीरनामे निघतात, ते उगाच नाहीत.

हंगाम बघून प्रवास करायची रीत सुरतेला नवी नाही. सुवाळीच्या आडोशाला इंग्रजांची गलबतं नांगर टाकायची. १६१२ च्या नोव्हेंबरात पोर्तुगीजांशी त्यांची लढाई झाली ती तिथंच. ही जहाजं पाऊस सरला की यायची आणि हिवाळ्यात माल भरून निघायची. पावसाळ्यात त्या नांगरवाड्याला कोणी थांबत नसे. शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या दोन्ही स्वाऱ्याही बघा, १६६४ चा जानेवारी आणि १६७० चा ऑक्टोबर. त्या जमिनीवरून झाल्या हे खरं, पण बंदर मालानं भरलेलं कधी असतं हे महाराजांना पक्कं ठाऊक असणार, असं आम्हाला वाटतं.

आता लाटेकडे येऊ. आपल्या तांडेलांना लाटांच्या दोन जाती माहीत आहेत, फक्त आपण त्यांना नावं देत नाही. एक वाऱ्याची लाट. जवळच वारा सुटतो, पाणी चढतं, पाच-सात सेकंदांना एक लाट येते, होडी नुसती आपटत राहते. दुसरी लांबची लाट. वर वारा नसतो, पाणी तेलासारखं दिसतं, आणि तरी होडी सावकाश वर जाते, सावकाश खाली येते. दोन लाटांत बारा, चौदा, कधी अठरा सेकंद. सर्फिंगवाले हिला स्वेल म्हणतात, आणि त्यांना हीच पाहिजे असते.

ही येते कुठून? पार दक्षिणेकडून. हिंदी महासागराच्या खालच्या टोकाला, बर्फाच्या खंडाच्या अलीकडे, वर्षभर वादळं घोंघावत असतात. आपला उन्हाळा-पावसाळा चालू असतो तेव्हा तिकडे हिवाळा, म्हणजे वादळांचा जोर. तिथं उठलेली सोळा सेकंदांची लाट तासाला सुमारे पंचेचाळीस किलोमीटरनं चालते, दिवसाला हजारावर. आपल्या दक्षिण किनाऱ्यापर्यंतचं सहा हजार किलोमीटरचं अंतर ती पाच-सहा दिवसांत कापते. केरळात एप्रिल-मेमध्ये, आभाळ निरभ्र असताना, अचानक पाणी घरात शिरतं. तिकडचे कोळी त्याला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. तो चोर इतक्या लांबून आलेला असतो.

लांबची लाट चांगली फुटायला एक अट आहे. किनाऱ्यावरचा वारा जमिनीकडून समुद्राकडे हवा, म्हणजे लाटेचं तोंड गुळगुळीत राहतं. वारा समुद्राकडून आला तर ती मोडते. सहलीचा महिना इथंच ठरतो. आपल्या देशाचे दोन किनारे दोन दिशांना तोंड करून आहेत, त्यामुळं एकाचा वाईट हंगाम तो दुसऱ्याचा चांगला.

पश्चिमेला, म्हणजे कोकण, गोवा, कर्नाटक, केरळ इथं, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा थेट अंगावर येतो. लाट मोठी असते, पण मोडकी आणि मारकी. गोव्यात या दिवसांत किनाऱ्याला लाल झेंडे लागतात, जीवरक्षक कोणाला पाण्यात उतरू देत नाहीत. मालवण-तारकर्लीकडे पाण्यातले सगळे खेळ मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद. तिथं २०२२ च्या मे महिन्यात, बंदी लागायच्या तोंडावर, पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. हंगामाचे शेवटचे चार दिवस ओढून धंदा करायचा मोह काय असतो, ते आपल्यालाही माहीत आहे. म्हणून पोरांना जुलैच्या गोव्याला नाही म्हटलं. हॉटेल निम्म्या भावात मिळतं, कारण समुद्र बंद असतो.

त्याच महिन्यांत पूर्वेला, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, नैर्ऋत्येचा वारा जमिनीवरून येतो. सकाळी तर हमखास. आणि दक्षिणेची लांब लाट बंगालच्या उपसागरात वळून तिथं पोचतच असते. मार्च-एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत त्यांचा मोसम. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत तिकडे ईशान्येचा पाऊस आणि वादळं, तेव्हा त्यांचा किनारा वाईट आणि आपला चांगला.

आता बंदीच्या तारखा शेजारी ठेवून बघा. पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै, गुजरातेत आता १५ ऑगस्टपर्यंत. पूर्व किनाऱ्याला १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे आपल्या होड्या वर असतात तेव्हाच त्यांच्याकडची लाट शिकण्याजोगी असते. एक दिवसाची मासळी न बुडवता आपल्या पोरांना जिथं जाता येईल अशी जागा तीच. आम्हीही हिशेब मांडेपर्यंत हे लक्षात आलं नव्हतं.

जागा म्हणजे चेन्नईच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर असलेलं कोवलम, आणि त्याच रस्त्यानं पुढं महाबलीपुरम. इथं एक सावधगिरी. कोवलम दोन आहेत. केरळात तिरुवनंतपुरमजवळ एक, तामिळनाडूत हे दुसरं. गाडीचं तिकीट काढताना घोळ करू नका, दोन्हींमध्ये एका रात्रीचा प्रवास आहे. सुरतेहून चेन्नईला नवजीवन एक्सप्रेस आहे, नंदुरबार-जळगाव-भुसावळवरून जाते, त्यामुळं लिंबायत-उधन्याच्या खानदेशी मंडळींना ती ओळखीचीच.

कोवलम निवडायला आणखी एक कारण आहे. ते मच्छीमारांचं गाव आहे. तिथल्या मूर्ती मेगावन नावाच्या कोळ्याच्या पोरानं फळीवर उभं राहायला शिकून घेतलं, मग गावातल्या पोरांना शिकवलं, आणि त्यातून सर्फिंगची शाळा उभी राहिली. २०१३ पासून तिथं सर्फिंगचा उत्सव भरू लागला, तोही ऑगस्टात. महाबलीपुरमची कमली मूर्ती ही मच्छीमार वस्तीतली मुलगी. तिच्यावर माहितीपट निघाला, आज ती देशातल्या पहिल्या फळीच्या मुलींत आहे. २०२५ च्या ऑगस्टात आशियाई सर्फिंग स्पर्धा महाबलीपुरमलाच झाली आणि रमेश बुदिहाळनं कांस्यपदक घेतलं, भारताचं या स्पर्धेतलं पहिलं वैयक्तिक पदक. ऑलिंपिकमध्ये हा खेळ टोकियोपासून आहे. पोरांनो, हे सांगतोय ते पदकासाठी नाही. शिकवणारा माणूस आपल्यातला असला की शिकणं सोपं जातं, म्हणून.

शिकवण्याला पैसे मिळतात, ही गोष्टही ओट्यावर निघाली. एक बोटमालक म्हणाले, "मासळी कमी झाली, डिझेल चढलं, पोरगं होडीवर यायला तयार नाही. समुद्राजवळ राहून दुसरं काही करत असेल तर मी कशाला अडवू?" दुसरे उसळले, "आणि मग तांडेल कोण होणार?" वाद बराच चालला, मिटला नाही, आम्हीही मिटवायला गेलो नाही. मात्र एक पक्कं. जीवरक्षकाचं किंवा सर्फ शिकवण्याचं काम करायचं तर ते आपल्या किनाऱ्यावर चालणार नाही. गोवा, मुल्की, वर्कला इकडे जावं लागेल, आणि तो हंगाम ऑक्टोबर ते मे, म्हणजे नेमका मासेमारीचा. तामिळनाडूसारखी बंदीच्या दिवसांतली जोडकमाई पश्चिम किनाऱ्यावर होत नाही. तेव्हा एकात एक पाय ठेवून चालणार नाही, हे घरात आधीच बोलून घ्या.

बायकामुलांसह जायचं असेल तर वेगळा महिना धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पश्चिम किनारा शांत असतो, लाट गुडघा-कमरेएवढी, पाणी स्वच्छ. गोव्यात मोरजी-अश्वे, कर्नाटकात मुल्की. मुल्कीला शांभवी नदीच्या मुखाशी देशातली जुनी सर्फिंगची शाळा आहे, २००४ पासूनची. हिवाळ्यात अरबस्तानाकडून शमाल नावाचा वायव्येचा वारा सुटतो, त्याच्या लाटा काही दिवसांनी कोकण-गोव्याला पोचतात, तेवढे दोन-तीन दिवस पाणी चढलेलं वाटतं. मार्चपासून दक्षिणेची लाट वाढते, आणि मेच्या उत्तरार्धात फक्त जाणकारांनी जावं. मंगळुरूकडे देशपातळीवरची स्पर्धा मेअखेर-जूनच्या सुरुवातीला भरते ती त्यामुळंच, मोठी लाट मिळते म्हणून. ती बघायला जा, पाण्यात उतरायला नको. कोकण रेल्वेलाही पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक असतं, तेव्हा जूननंतर त्या बाजूचं तिकीट काढताना वेळा पुन्हा बघा.

वादळाचे महिने आपल्याला पाठ आहेत, मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. तौक्ते १७ मे २०२१ ला सौराष्ट्राच्या किनाऱ्याला लागलं. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय अजून शेकडो किलोमीटर लांब होतं तेव्हाच तिथलच्या किनाऱ्यावर लाटा चढल्या आणि किनारा बंद करावा लागला. लाट वादळाच्या पुढं धावते. आभाळ स्वच्छ दिसतंय म्हणून पाण्यात उतरू नका, आधी अंदाज वाचा.

अंदाज आपण रोज बघतो तोच. हैदराबादचं इन्कॉइस मासळीचे पट्टे सांगतं, तेच लाटेची उंची, दिशा आणि दोन लाटांतले सेकंदही सांगतं. आपण उंची बघतो आणि मोबाईल ठेवतो. सेकंदही वाचायला शिका. एक मीटर आणि सहा सेकंद म्हणजे नुसता खडखडाट. एक मीटर आणि पंधरा सेकंद म्हणजे काठावर येताना ती दीड-दोन मीटरची होऊन फुटणार. खाडीच्या तोंडातून होडी आत घेताना हा फरक जिवावर बेततो. सर्फिंगला जा किंवा न जा, ही एक गोष्ट प्रत्येक तांडेलानं उचलण्यासारखी आहे.

तिथीचा हिशेब विसरू नका. तिथीला पाऊण पट केली की मुंबईकडची भरतीची वेळ साधारण निघते, अष्टमीला सहा वाजता, वगैरे. आपल्याकडे वेळ आणखी पुढं सरकते, म्हणून हजिऱ्याचा तक्ताच वापरायचा. नवशिक्यांसाठी कुठल्याही किनाऱ्यावर भांगाचे दिवस बरे, अष्टमीच्या आसपासचे. उधाणाला ओढ जास्त. आणि ओढीत सापडलात तर काठाकडे तोंड करून झुंजायचं नाही, काठाला समांतर पोहत ओढीबाहेर पडायचं. आपल्या आखातात मात्र हाही उपाय चालत नाही, कारण इथं ओढ पट्ट्यापुरती नसते, सगळं पाणीच चाललेलं असतं. त्या पोराच्या बाबतीत तेच झालं.

आता ठरलेलं सांगतो. जूनचा पहिला पंधरवडा होड्या वर घेण्यात आणि इंजिनकामात जातो. जुलैच्या शेवटापासून जाळी, बर्फ, डिझेल, परवाने यांची धावपळ सुरू होते. नारळी पौर्णिमा पुढंमागं होते, २०२५ ला ऑगस्टच्या पूर्वार्धात होती, २०२६ ला अधिक महिन्यामुळं ऑगस्टच्या अखेरीला. पण तयारी काही तिच्यासाठी थांबत नाही. मधले दिवस मोकळे, २० जून ते १० जुलै. त्यातले आठ दिवस कोवलमसाठी धरलेत, अष्टमी मध्ये येईल असे. १४ जूनला त्यांची बंदी उठते, त्यामुळं शिकवणारी काही पोरं समुद्रावर गेलेली असतील, म्हणून शाळेशी आधी बोलून जागा पक्क्या करतोय. सोळा वर्षांखालच्यांना पालकाशिवाय नेणार नाही. लाइफ जॅकेट आपापलं, होडीवरचं चालेल.

एका मावशींनी विचारलं, "आम्ही आलो तर चालेल का? जन्मभर समुद्राचं खाल्लं, पण गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलो नाही." चालेल, मावशी. तुमचं नाव पहिलं लिहिलंय. बाकीच्यांनी रविवारपर्यंत कार्यालयात येऊन नावं द्यावीत, आणि पोहता येतं की नाही त्या रकान्यात खरं ते लिहावं.